वऱ्हाडी बोली आणि बोलणाऱ्याचा आत्मसंशय
(यवतमाळ जिल्ह्याच्या अनुषंगाने)

आत्मसंशय हा विषय सामान्यतः मानसशास्त्राच्या कक्षेतील मानला जातो. आपल्या बुद्धीविषयी, कर्तृत्वाविषयी वा रूपाविषयी माणसाच्या मनात जी शंका घर करते तिचा उगम त्याच्या स्वभावात किंवा बालपणात शोधावयाचा, असा प्रघात आहे. परंतु ह्या संशयाचा एक प्रकार असा आहे की, ज्याचा उगम व्यक्तीच्या मनात सापडत नाही. तो इतिहासात शोधावा लागतो. आपण जे बोलतो ते मुळातच चुकीचे आहे, ही शंका हा तो प्रकार होय. ही शंका एकट्याची नसते. ती साऱ्या प्रदेशाची असते आणि पिढ्यान्‌पिढ्या वारशाने येते. तोंड उघडताच तिचा प्रत्यय येत असल्यामुळे ती लपविण्याचा एकच मार्ग उरतो. तो म्हणजे गप्प बसणे. यवतमाळकडील खेड्यांतून महाविद्यालयात येणारा विद्यार्थी वर्गात का बोलत नाही, ह्या प्रश्नाचे उत्तर त्याच्या लाजाळूपणात शोधणे सोपे आहे. पण ते अपुरे आहे.

यवतमाळ जिल्ह्याची घडण ह्या दृष्टीने उद्बोधक आहे. वऱ्हाड हा निजामाच्या राज्याचा भाग होता. १८५३ च्या तहान्वये तो इंग्रजांच्या कारभाराखाली आला आणि १९०३ मध्ये मध्यप्रांतास जोडला गेला. पूर्वी वणी ह्या नावाने ओळखला जाणारा जिल्हा १९०५ च्या पुनर्रचनेत यवतमाळ झाला व वाशीम जिल्हा मोडून त्यातील पुसद तालुका यवतमाळकडे आला. १९५६ मध्ये हा प्रदेश द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात समाविष्ट झाला. म्हणजे ज्या काळात आजची प्रमाण मराठी घडली, त्या संबंध काळात हा जिल्हा तिच्या घडणीच्या केंद्रापासून राजकीयदृष्ट्या वेगळा होता. भाषेच्या दृष्टीनेही तो एकजिनसी नाही. वर्धा आणि पैनगंगा ह्या नद्यांच्या आतील ह्या मुलखात वऱ्हाडीबरोबर गोंडी, कोलामी आणि बंजारा समाजाची गोरमाटी नांदत आली आहे; पैनगंगेपलीकडे तेलुगूचा प्रदेश लागतो.

वऱ्हाडच्या वाट्याला हा संशय मुळापासून आलेला नाही, ही गोष्ट प्रथम ध्यानात घ्यावयास हवी. दंडी आणि वामन ह्यांनी काव्याच्या रीतींत वैदर्भीस अग्रस्थान दिले, ह्याचा दाखला विदर्भातील वक्ते नेहमी देत असतात. तो दाखला जपून वापरणे बरे. वैदर्भी हे संस्कृत काव्यशैलीचे नाव आहे, विदर्भातील शेतकऱ्याच्या बोलीचे नव्हे. खरा आधार त्यानंतरचा, तेराव्या शतकातील आहे. अमरावती जिल्ह्यातील ऋद्धपूर येथे म्हाइंभटांनी लीळाचरित्राची जुळवाजुळव केली आणि मराठीतील पहिला मोठा गद्यग्रंथ वऱ्हाडच्या भूमीत सिद्ध झाला. ज्यांच्या लीळा त्यात संकलित आहेत ते चक्रधर जन्माने गुजराती. मराठी ही त्यांची मागाहून स्वीकारलेली भाषा. आणि तरीही त्यांनी तीच धर्मोपदेशाची भाषा केली.

स्मृतिस्थळात नागदेवाचार्यांच्या संबंधी दोन आठवणी नमूद आहेत. त्यांचा निर्देश मराठी भाषेच्या प्रत्येक इतिहासात येतो. तथापि आत्मसंशयाच्या दृष्टीने त्यांच्याकडे फारसे पाहिले गेलेले नाही. पंथात आलेल्या विद्वानांनी संस्कृतात प्रश्न विचारला, तेव्हा नागदेवाचार्यांनी ती भाषा आपणास उमगत नाही असे सांगून, आपल्याला चक्रधरांनी मराठीत शिकविले आहे, तेव्हा मराठीतच विचारा, असे सुचविले. दुसऱ्या प्रसंगी संस्कृतात ग्रंथरचना करू पाहणाऱ्या केशिराजबासांना त्यांनी अडविले; कारण त्यामुळे पंथातील म्हाताऱ्या बायका ज्ञानाला मुकतील. पहिल्या प्रसंगात एक आचार्य पंडितांच्या समोर आपले अज्ञान उघडपणे सांगतो आणि त्याबद्दल खंत करीत नाही. ज्या भाषेत ज्ञान मिळाले ती भाषा ज्ञानाच्या देवघेवीस पुरेशी आहे, असा त्याचा सरळ विश्वास आहे. दुसऱ्या प्रसंगात भाषेची योग्यता ठरविण्याचा निकष तो पंडितांच्या हातून काढून ऐकणाऱ्याच्या हाती देतो. आत्मसंशयाचे मर्म असे की, आपले मोल कोणी करावयाचे हा अधिकार माणूस नकळत दुसऱ्यास देऊन टाकतो. नागदेवाचार्यांनी तो दिला नाही.

अर्थात लीळाचरित्राची भाषा म्हणजे आजची वऱ्हाडी नव्हे. हस्तलिखितांच्या परंपरेत तिच्यावर अनेक हात फिरले आहेत. ह्या ग्रंथांच्या बळावर वऱ्हाडी हीच मूळ शुद्ध मराठी, असे म्हणणारे आपल्या न्यूनभावास केवळ उलटा करतात. शुद्ध-अशुद्धाची तराजू तीच राहते.

हा संशय शिरला तो एकोणिसाव्या शतकात. मोल्सवर्थचा कोश १८३१ मध्ये निघाला, दादोबा पांडुरंगांचे व्याकरण १८३६ मध्ये आले, कोशाची दुसरी आवृत्ती १८५७ मध्ये प्रसिद्ध झाली. छापील मराठीचा साचा मुंबई इलाख्यात, पुण्या-कोकणाकडील शास्त्रीमंडळींच्या साहाय्याने तयार होत होता, त्या वेळी वऱ्हाड प्रथम निजामाच्या व नंतर रेसिडेंटाच्या कारभारात होते. साच्यात त्याचा आवाज नव्हता. पुढे वऱ्हाडात शाळा आणि कचेऱ्या निघाल्या तेव्हा हा साचा तयार मालासारखा येथे उतरला. त्याबरोबर मास्तर, कारकून व वकील आले. त्यांत पश्चिमेकडून आलेल्यांचा भरणा मोठा होता. त्यांची बोली आणि पुस्तकाची भाषा जवळजवळ एक होती. साहजिकच जे शहाणे ते असे बोलतात, आणि जे असे बोलत नाहीत ते अडाणी, हे समीकरण कोणी न शिकविता मुलांच्या मनात ठसले. ग्रियर्सन ह्यांनी ह्या घटनेचे मर्म ओळखले होते. इतिहास पाहता वऱ्हाडची मराठी हीच मानाची ठरावयास हवी होती. परंतु राजकारणाचा मध्य पश्चिमेकडे सरकला आणि त्याबरोबर भाषेचाही सरकला, अशा आशयाचे त्यांचे विवेचन आहे. बोलीची प्रतिष्ठा तिच्या गुणदोषांवर अवलंबून नसते, ह्याची ही एका परकीय प्रशासकाने दिलेली कबुली आहे.

वऱ्हाडीचे जे विशेष 'दोष' म्हणून दाखविले जातात त्यांची आता तपासणी करू. प्रमाण मराठीतील 'ळ' च्या जागी वऱ्हाडीत 'य' येतो : काळा-काया, डोळा-डोया, गळा-गया, शाळा-शाया. हा बदल लहरीने होत नाही. जुन्या वळणाची बोली बोलणाऱ्याच्या तोंडी तो सर्वत्र आढळतो. शब्दारंभीच्या 'व' चा प्रकार ह्याहून बोलका आहे. विहिरीला इहीर, विजेला ईज, विकण्याला इकने, वेळेला येळ म्हणतात. परंतु वाऱ्याला 'आरा' किंवा वावराला 'आवर' कोणी म्हणत नाही. पुढे इ-ए सारखा तालव्य स्वर असेल तरच 'व' लोपतो किंवा 'य' होतो. इतर स्वरांपूर्वी तो जागच्या जागी राहतो. शाळेत एक दिवसही न गेलेली बाई हा नियम आयुष्यभर चुकत नाही. ज्यास अशुद्धता म्हणावयाचे तिच्या अंगी एवढी शिस्त कोठून येईल?

रूपविचारातही तेच दिसते. चतुर्थीचा प्रत्यय 'ले' : मले, तुले, रामाले. 'करायला' ऐवजी कराले. भविष्यकाळी तृतीय पुरुषी 'तो करीन', 'तो जाईन'. पुण्याकडील कानाला ही प्रथम पुरुषाची चूक वाटते. वस्तुतः वऱ्हाडीने दोन पुरुषांची एकवचनी रूपे एक केली आहेत. प्रमाण मराठीने 'आम्ही केले', 'त्याने केले' येथे क्रियापदातील पुरुषभेद पार पुसून टाकला आहे, त्याबद्दल तिला कोणी बोल लावीत नाही. 'तो जाऊन राह्यला' ह्या अपूर्ण वर्तमानावर हिंदीच्या छायेचा आरोप होतो. हिंदीशी दीर्घकाळ शेजार असलेल्या प्रदेशात ही छाया पडली असणे शक्य आहे. पण शेजारामुळे भाषा विटाळत असेल, तर पेशवेकालीन दप्तरातील फारसी शब्दांची वाट काय लावावयाची? त्याच दप्तराच्या मोडी लिपीत ऱ्हस्व-दीर्घ इकार-उकारांचा भेदही पाळला जात नसे. आज ज्या वेलांटीपायी यवतमाळच्या मुलाचे गुण कापले जातात, तिच्याविना मराठी राज्याचा सारा पत्रव्यवहार बिनबोभाट चालला होता.

ह्या संशयाची एक विशेष खूण भाषाशास्त्राने नोंदविली आहे. वऱ्हाडीत 'ण' चा 'न' होतो. पाणी हे पानी होते. ह्यावरून हसे झालेला माणूस पुढे इतका सावध होतो की, नको तेथे 'ण' घालू लागतो आणि 'मन' चे 'मण' करतो. ह्याला अतिशुद्धी म्हणता येईल. विल्यम लबाव्ह ह्यांनी न्यूयॉर्क शहरातील इंग्रजीचा जो अभ्यास १९६६ मध्ये प्रसिद्ध केला त्यात हाच प्रकार आढळतो. लोकांसमोर एका शब्दाचे दोन उच्चार ठेवावयाचे, त्यांतील बरोबर कोणता हे विचारावयाचे, आणि मग तुम्ही स्वतः कोणता करता हे विचारावयाचे. ह्या दोन उत्तरांतील अंतर हे बोलणाऱ्याच्या भाषिक असुरक्षिततेचे माप, अशी त्यांची युक्ती होती. हे अंतर सर्वांत अधिक आढळले ते तळच्या वर्गात नव्हे, तर वर चढू पाहणाऱ्या कनिष्ठ मध्यमवर्गात. एइनार हाउगेन ह्यांनी १९६२ मध्ये आपल्या भाषेत सतत दोन आवाज ऐकणाऱ्या बोलणाऱ्याच्या ह्या अवस्थेस व्याधीचे नाव देऊन तिची थट्टामिश्रित मीमांसा केली होती. यवतमाळच्या संदर्भात ह्याचा अर्थ सरळ आहे. वावरात राबणारा शेतकरी आपल्या बोलीविषयी साशंक नसतो. साशंक असतो तो त्याचा शिकलेला मुलगा, घरातला पहिला मास्तर किंवा तलाठी. आणि तोच पुढच्या पिढीच्या बोलण्यावर सर्वांत कडक पहारा करतो.

संशयाची ही उतरंड वऱ्हाडीपाशी थांबत नाही. पुण्याचा वऱ्हाडीस हसतो, वऱ्हाडी कोलामास हसतो. ग्रियर्सन ह्यांच्या सर्वेक्षणाच्या १९०६ च्या चौथ्या खंडात पुसदकडील 'भिली' म्हणून सांगितल्या गेलेल्या बोलीचा परामर्श घेतला आहे. तपासणीत ती भिलांची आर्यकुलीन बोली नसून कोलामीच्या जवळची, द्रविड कुलातील असल्याचे दिसून आले. म्हणजे बोलणाऱ्यांच्या भाषेस धड नावही मिळालेले नव्हते. गोरमाटीची गोष्ट किंचित निराळी. गहुली ह्या पुसद तालुक्यातील तांड्यात जन्मलेले वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ ह्या काळात महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते. त्यामुळे समाजाला आत्मविश्वास आला हे निःसंशय. परंतु राज्याचा कारभार मराठीत व्हावयाचा आणि गोरमाटी तांड्यातच राहावयाची, ही वाटणी त्यामुळे बदलली नाही.

हा संशय ओलांडण्याचे जे प्रयत्न झाले ते एका वळणाचे नाहीत. यवतमाळचे यशवंत खुशाल देशपांडे ह्यांनी १९२५ मध्ये 'महानुभावीय मराठी वाङ्मय' हा ग्रंथ सिद्ध केला आणि शारदाश्रम ह्या संस्थेच्या द्वारे संशोधनाची परंपरा ह्या गावी रुजविली. त्यापूर्वी दोनच वर्षे, १९२३ मध्ये, विदर्भ साहित्य संघाची स्थापना झाली होती आणि त्याच वर्षी नागपूर विद्यापीठही निघाले. वणीस जन्मलेले लोकनायक बापूजी अणे १९२८ मध्ये ग्वाल्हेरच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. ह्या पिढीने वऱ्हाडास विद्वत्तेच्या क्षेत्रात मान मिळवून दिला. पण तो प्रमाण भाषेतून मिळविला. बापूजींचा साहित्य अकादमीने १९७३ मध्ये मरणोत्तर गौरविलेला टिळकचरित्रपर ग्रंथ तर संस्कृतात आहे. आमचे पूर्वज थोर होते, एवढे ह्यातून सिद्ध झाले. पाण्यास पानी म्हणणाऱ्या मुलाचा संकोच त्याने कमी होण्याचे कारण नव्हते.

ते काम गाडगेबाबांनी केले. आणि विशेष हे की, ते करावयाचे आहे असे त्यांच्या मनातही नसावे. १८७६ मध्ये शेंडगाव येथे जन्मलेला हा निरक्षर कीर्तनकार आयुष्यभर वऱ्हाडीतच बोलला. नोव्हेंबर १९५६ मध्ये, निधनापूर्वी सुमारे सहा आठवडे, मुंबईत वांद्रे येथे त्यांनी केलेले कीर्तन ध्वनिमुद्रित झाले आहे. श्रोते मुंबईचे, स्थळ मुंबईचे. पण बाबांच्या बोलीला कोठेही मुरड पडलेली नाही. ते श्रोत्यांना प्रश्न विचारतात, उत्तर काढून घेतात, पुन्हा विचारतात. ज्याच्या हाती प्रश्न असतो त्यास आपल्या उच्चाराची लाज वाटण्यास सवड नसते, असे हे कीर्तन ऐकताना जाणवते. १९८३ मध्ये स्थापन झालेल्या आणि यवतमाळ जिल्हा ज्याच्या कक्षेत आहे त्या अमरावती विद्यापीठास २००५ मध्ये त्यांचे नाव देण्यात आले. गाडगेबाबा ज्या भाषेत बोलले त्या भाषेत त्या विद्यापीठाच्या तोंडी परीक्षेत उत्तर दिले तर काय होईल, हा प्रश्न येथे नुसता नोंदवून पुढे जाणे बरे.

साहित्यात निर्णायक ठरली ती उद्धव शेळके ह्यांची 'धग' ही १९६० ची कादंबरी. कौतिकच्या वाट्याचे दारिद्र्य, नवऱ्याचे आजारपण आणि तिची झुंज ही सारी वऱ्हाडी संवादांतून उभी राहते. शोकात्म आशय पेलण्यास ही बोली समर्थ आहे, हे ह्या कृतीने दाखविले. निवेदन मात्र मुख्यतः प्रमाण मराठीत आहे. पात्रे वऱ्हाडीत भोगतात आणि लेखक प्रमाण भाषेत सांगतो. मंचावरील वऱ्हाडीची कथा ह्याच्या उलट आहे. यवतमाळ जिल्ह्याचे कवी शंकर बडे ह्यांनी 'बॅरिस्टर गुलब्या' ह्या एकपात्री प्रयोगाने ही बोली महाराष्ट्रभर नेली. २०१६ मध्ये त्यांचे निधन झाले तोपर्यंत वऱ्हाडी ऐकावयास लोक पैसे देऊन येतात, ही गोष्ट नवलाची राहिली नव्हती. तथापि हशा हा दुधारी असतो. बोलीतील विनोदाला हसणे आणि बोलीला हसणे ह्यांतील रेषा पुसट आहे. बडे ह्यांच्या शेतकऱ्याच्या दुःखाच्या कविता ज्यांनी ऐकल्या त्यांना ती ठाऊक होती. इतरांना वऱ्हाडी म्हणजे गंमत, एवढेच उरले.

यवतमाळने साहित्य संमेलन दोनदा भरविले. १९७३ च्या संमेलनाचे अध्यक्ष ग. दि. माडगूळकर होते. जानेवारी २०१९ च्या संमेलनाच्या अध्यक्षपदी अरुणा ढेरे होत्या; नयनतारा सहगल ह्यांचे उद्घाटनाचे निमंत्रण मागे घेतले गेल्याने मोठा वाद झाला, आणि उद्घाटन अखेर यवतमाळ जिल्ह्यातीलच, आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या पत्नी वैशाली येडे ह्यांच्या हस्ते झाले. निमंत्रण मागे घेण्याचे समर्थन करता येत नाही. परंतु त्या व्यासपीठावरून, साहित्यिक म्हणून कोणतीही ओळख नसलेली एक स्त्री स्वतःच्या जगण्याविषयी बोलली आणि सभामंडपाने ते ऐकले, ही घटना भाषेच्या इतिहासात नोंदण्यासारखी आहे.

शिक्षणक्षेत्रात ह्या प्रश्नाचा गुंता वाढविला तो 'शुद्धलेखन' ह्या शब्दाने. साहित्य महामंडळाचे १९६२ चे चौदा नियम व १९७२ मध्ये त्यांत पडलेली चारांची भर, हे सर्व नियम लेखनाचे आहेत. लेखनात एकरूपता असावी हे योग्यच. पण शिक्षकाच्या मनात लेखनाचा नियम उच्चाराचा नियम बनतो आणि उच्चाराचा नियम माणसाच्या योग्यतेचा. पात्राच्या तोंडी बोलण्यातली रूपे लिहिण्यास हेच नियम मुभा देतात. ती मुभा वर्गात बोलणाऱ्या जिवंत पात्रास मिळत नाही. 'शाया' म्हणणाऱ्या मुलास 'चूक' असे न सांगता, घरच्या बोलीत 'य' आणि पुस्तकात 'ळ', असा संबंध शिक्षकाने फळ्यावर मांडला तर त्यास एका नियमाऐवजी दोन नियम येतात. प्रमाण भाषा त्याला यावयासच हवी. तिच्यावाचून परीक्षा, नोकरी आणि न्यायालय ह्यांची दारे उघडत नाहीत. बोलीचे कौतुक करून त्याला प्रमाण भाषेपासून दूर ठेवणे हाही अन्यायच आहे.

झरी जामणी, मारेगाव वा केळापूर ह्या तालुक्यांतील कोलाम मुलास मात्र एवढ्याने भागत नाही. त्याला आधी वऱ्हाडी आणि मग प्रमाण मराठी, अशा दोन पायऱ्या चढावयाच्या असतात. कोलामीत पुरुष एका लिंगात आणि स्त्रिया व वस्तू मिळून दुसऱ्यात, अशी व्यवस्था आहे. मराठीच्या तीन लिंगांत हे मूल अडखळते ते मंदपणामुळे नव्हे. त्याच्या डोक्यात एक वेगळे, पूर्ण व्याकरण आधीच असते म्हणून. त्या व्याकरणाचे सविस्तर वर्णन मरे एमेनो ह्यांनी मुख्यतः वर्धा भागातील कोलामीवरून केले आणि ते १९५५ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाने इंग्रजीत छापले. त्यातील लिंगविचाराचे प्रकरण मराठीत उतरवून ह्या तालुक्यांतील प्राथमिक शिक्षकांच्या हाती देणे, हे मराठी विभागांच्या आवाक्यातील काम आहे. त्यास एखाद्या पदव्युत्तर विद्यार्थ्याचे एक वर्ष पुरेल. तो विद्यार्थी कोलाम असल्यास वर्ष लागणारही नाही.